आईने फेकलेली कॉमिक्स

अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या लेनीच्या जुन्या कॉमिक्सच्या दुकानात आम्ही साठीतले चार-पाच जण दर बुधवारी जमतो, आणि प्रत्येकाकडे सांगायला एकच गोष्ट असते: लहानपणीची कॉमिक्स आईने फेकून दिली. माझ्या गोष्टीला सगळ्यात जास्त हशा मिळतो, कारण माझी आई त्यात झाडू घेऊन येते. वीस वर्षं मी ती सांगतोय आणि दर वर्षी तो झाडू थोडा लांब होतोय.

आज आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडून घरी नेताना मी दुकानासमोर गाडी थांबवली. "तू बस, दोन मिनिटांत आलो," म्हणालो. पण सत्त्याऐंशी वर्षांची आई काठी टेकत माझ्यामागोमाग आत आली.

"अरे, उठा उठा, ग्लेनच्या आई आल्यात!" लेनी ओरडला. "काय हो, पोराचा एवढा खजिना कचऱ्यात घालताना हात कसा नाही थरथरला?"

सगळे खो खो हसले. मी समोरच्या कॉमिक्समध्ये डोकं खुपसलं. आईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"चुकलंच माझं," ती लेनीला म्हणाली. "तेव्हा अक्कल नव्हती मला."



सोळाव्या वर्षी मैत्रिणीने पोरकट म्हणू नये म्हणून कॉमिक्सची ती पेटी मीच कचऱ्याच्या गाडीत टाकली होती, आणि ती परत आणायला आई घरातल्याच सपाता घालून बर्फातून गाडीमागे धावली होती.