कड्यावरचा तुकडा

“आणखी थोडं पुढे घ्या, भाऊजी,” वहिनी म्हणाली.

धाकट्याने ब्रेक दाबला. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांपासून दोन हातांवर जमीन संपत होती. तिथून खाली सरळ कडा, आणि कड्याखाली करवंदा-उंबरांच्या झाडोऱ्याने भरलेली घळ, तळाशी झरा.

“पुढे म्हणजे कुठे? ट्रॅक्टरसकट खाली जाऊ?”

“हरणांची वाट घळीतून तिथेच वर येते. तोंडाशीच चारा मिळाला की ती शेतात शिरत नाहीत. हे दरवर्षी तिथपर्यंतच नांगरायचे.”

“दादाचं सोडा. त्याला माणसांपेक्षा हरणं जवळची.”

ती बियाण्याची पाटी कमरेवर घेऊन तशीच उभी राहिली. हिच्या मनात काही आहे का? धाकट्याने ट्रॅक्टर मागे घेतला आणि कड्याकडची पट्टी तशीच सोडून रोटाव्हेटर खाली टेकवला.

रानाच्या कडेला अंगणाएवढे तीन तुकडे तयार करायचे, जनावरांसाठी पेरायचे आणि सोडून द्यायचे, हे दादाचं वेड. धाकट्याच्या मते शुद्ध खुळेपणा. त्याला रानाची सगळी कड साफ करून एकच मोठं शेत हवं होतं. यावरूनच दोघा भावांची जुंपली होती, याच जागी, आणि धाकट्याने दादाला ढकललं होतं. ढकललं ते रागाच्या भरात, हे खरं. पण खाली उतरून पाहिलं नाही, ते मात्र अगदी शांत डोक्याने. वरून नुसती झुडपं दिसली. कोणी ओ दिली तर काय करायचं, म्हणून त्याने हाकसुद्धा मारली नाही.

घरी येऊन त्याने सांगितलं, दादा भांडला आणि निघून गेला. हवालदार त्याच्याच दोस्तीतला. तो खुर्चीतून न उठता म्हणाला, येईल राग शांत झाला की. वहिनीने एवढंच विचारलं, “जाताना काही म्हणाले?”

“नाही.”

तिने पुन्हा विषय काढला नाही. धाय मोकलून रडली असती तर धाकट्याला बरं वाटलं असतं. पुढे एका सकाळी तीच म्हणाली, “यंदाचे तुकडे तुम्ही पेरून द्या. मुळा तयार झाला की मी माहेरी जाते. मग घर तुमचं, जमीन तुमची.” आता याला नाही कोण म्हणेल?

खालच्या दोन तुकड्यांत त्यांनी लसूणघास टाकला होता. इथे तिच्या पाटीत मुळ्याचं आणि गाजराचं बी होतं.

“इथेच बरा मुळा-गाजराचा थाट?”

“भूक काय एकट्या हरणांनाच असते?” तिने बारीक बी कोरड्या मातीत कालवलं आणि मूठ मूठ फेकत गेली. मागून त्याने लाकडी फळी ओढून माती दाबली. जमीन शेवटी इतकी मऊ आणि सपाट झाली की चिमणी बसली तरी तिचे पाय उमटावेत.

घरी आल्यावर त्याने बॉनेट उचललं आणि इंजिन बंद केलं. किल्ली फिरवून बंद होणं त्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरने कधीच सोडलं होतं. तापलेल्या इंजिनामागे हात घालून एक वाकडी तार ओढावी लागे. ती कुठे आहे आणि किती ओढायची, हे दोघा भावांनाच जमे. मेकॅनिकने एकदा हात भाजून घेतला आणि कानाला खडा लावला. वहिनीने एकदा हौसेने ट्रॅक्टर सुरू केला, तर डिझेल संपेपर्यंत तो अंगणात धडधडत होता. बाजारातून परतलेला दादा पोट धरून हसला होता.

मुळा उगवला. वहिनी रोज वर जाऊ लागली.

“रोज काय असतं तिथे?”

“मीठ ठेवते. हरणं चाटतात.”

एकदा त्याने पाटीवरचं फडकं उचलून पाहिलं. खरोखरच मिठाचा खडा होता, आणि खाली एक जुनी चादर.

“चादर कशाला?”

“कोवळ्या पानांवर पाखरं पडतात. झाकायला.”

त्याने स्वयंपाकघरावर नजर ठेवली. घासभरही अन्न बाहेर जात नव्हतं. तिच्या कपड्यांवरही नजर ठेवली. घळीत उतरलं की कुसळं चिकटतात; हिच्या कपड्यांना एक नव्हतं. म्हणजे ही खाली जात नाही, काही शोधत नाही. त्याचा जीव भांड्यात पडला.

मग एका दुपारी ती म्हणाली, “उद्या निघते मी. तेवढं शेवटचं एक काम करा. वरचा मुळा कोणीतरी उपटलाय. डुकरंच असतील. तुकडा पुन्हा नांगरून द्या.”

“जाता जाता तरी जनावरांचा पुळका सोडा, वहिनी.”

एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसली.

धाकटा शीळ घालत वर गेला. कड्यापासून चांगला लांब त्याने ट्रॅक्टर उभा केला, तो धडधडत तसाच सोडला आणि किती नुकसान झालंय ते बघायला तुकड्यातून चालत कड्यापर्यंत गेला.

डुकरं जमीन उकरतात. इथे काहीच उकरलेलं नव्हतं. मुळे एकेक करून उपटलेले होते आणि पाला एका घावात छाटून बाजूला ठेवला होता. शेजारी ती जुनी चादर पडली होती, नीट घडी घातलेली.

तो खाली वाकला. मऊ मातीत माणसाची पावलं उमटली होती. एक पाऊल खोल, दुसरं फरफटलेलं, आणि त्याच्या बाजूला काठीचं गोल भोक. वहिनीचा पाय एवढा मोठा नव्हता. हरणांच्या वाटेने पावलं वर आली होती. परत खाली गेलेली त्याला कुठेच दिसली नाहीत.

त्याच्या पाठीमागे ट्रॅक्टर बंद झाला.