खिशातला प्लग

मेहुण्याच्या जुन्या हायब्रिड गाडीची बॅटरी काही केल्या चार्ज होईना, म्हणून सकाळपासून माझं डोकं फिरलेलं. बॅटरीचा नारिंगी सेफ्टी प्लग उपसून मी खिशात टाकला. तो आत असताना तारांना हात लागला, तर माणूस जागीच संपतो.

हातमोजे घालून वळलो, तर प्लग परत जागेवर!

"मला मारायचंय का रे?" मी खेकसलो.

"दाजी, मी स्टिअरिंगवरून हललोही नाही," मेहुणा म्हणाला.

"मग काय आपोआप उगवला?" रागानं प्लग हिसकून काढला आणि खिशात कोंबला.

खिशात पहिला प्लग होताच. चांगलाच तापलेला. दोन्ही एका मुठीत आले आणि मूठ उघडेना.

पुढून मेहुणा आनंदानं ओरडला, "दाजी, चार्ज होतेय!"