गिऱ्हाइकाचं नाव

माळ्यावरच्या खोलीतून पुन्हा हसू आलं, आणि मालकिणीने हातातली इस्त्री उभी करून ठेवली.

नातीचं हसू तिच्या ओळखीचं होतं. ते वर चढायचं आणि उचकीसारखं मधेच तुटायचं. हे दुसरं होतं. कितीतरी वेळ दाबून ठेवलेलं आणि एकदम हातातून निसटलेलं.

महिना झाला, ही पोरगी दुपारची नातीबरोबर अभ्यासाला बसत होती. मागच्या जिन्याने यायची, मागच्याच जिन्याने जायची. मालकिणीने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. गुडघे जिना चढू देत नव्हते, आणि लाँड्री सोडून जायचं तरी कुणाच्या भरवशावर? मुलगा मागे धुलाईच्या यंत्रांपाशी अडकलेला. सून इस्त्रीचे गठ्ठे घेऊन घरोघरी पोचवायला गेलेली. दोन गल्ल्यांच्या फेरीला तिला हल्ली दीड तास लागायचा. का लागला विचारलं, तर मान खाली. सतरा वर्षांत सुनेने तिच्यापुढे ‘हो’ आणि ‘बरं’ याखेरीज तिसरा शब्द काढला नव्हता.

यंत्रं थांबली की माळ्याच्या फळ्यांमधून बोलणं खाली गळायचं. दहावीची परीक्षा सोमवारपासून होती. नात भूमितीचं प्रमेय घोकत होती आणि तिसऱ्या पायरीवर हटकून घसरत होती. दुसरी तिला हळू आवाजात पुन्हा पहिल्या पायरीवर आणून उभी करत होती. मग इतिहास निघाला. नातीने सनावळीवर तोंडसुख घेतलं. असल्या तारखा कोणाच्या घरी पाठ असतात, म्हणाली.

“आमच्या घरी राणीचं राज्य आहे,” दुसरी कुजबुजली. “तिथे तारखा नाहीत. नुसत्या तोफा.”

वर दोघी खिदळल्या. खाली मालकीणही हसली. जीभ आहे पोरीला, तिने मनात म्हटलं. अशी एक तरी घरात हवी होती. आपल्या नशिबी आली ती मुखदुर्बळ.

शर्टाची कॉलर उलटवताना तिला तिची जोडीदारीण आठवली. चौथीत दोघी शाळेच्या पायरीवर बसून एकमेकींचे पाढे घ्यायच्या. चुकलीस की चिमटा. मालकिणीच्या दंडावर चिमटे कमी, जोडीदारणीच्या जास्त. एकोणतीसचा पाढा तर ती आजही झोपेतून उठवलं तरी म्हणेल. चौथीचा निकाल लागला, पहिला नंबर आला, आणि बापाने शाळा सोडवली. शिकून काय दिवे लावणार, एवढंच म्हणाला. पाटी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून गेली. जोडीदारीण पाचवीची पुस्तकं छातीशी धरून दारावरून जायची, तेव्हा ही आतल्या खोलीत जाऊन बसायची. आई विचारायची, काय झालं. ही म्हणायची, डोकं दुखतंय.

नात चहाचे रिकामे कप घेऊन खाली आली. मालकिणीने सहज विचारल्यासारखं विचारलं, कोण गं ही, कोणाची, आईबाप काय करतात.

नात कप विसळत सांगत राहिली. वडील नाहीत. नववीत शाळा सुटली. हुशार आहे, आता बाहेरून बसतेय. हॉल तिकीट आलंय. पण सोमवारी ती येईल असं काही वाटत नाही.

“का?”

“सात पेपर, सात दिवस घराबाहेर राहायचं. घरातल्या मोठ्या बाईंना विचारायचा धीर होत नाही तिला.”

“विचारल्याशिवाय कळतं होय?”

“एकदा विचारलं होतं, फार वर्षांपूर्वी. त्या म्हणाल्या, शिकून काय दिवे लावणार?”

मालकिणीचा हात थांबला. साठ वर्षांपूर्वीचं वाक्य, जसंच्या तसं, कोणा परक्या बाईच्या तोंडी.

“कोण ही भवानी?” ती म्हणाली. “लोकाची लेक म्हणजे काय हँगर आहे, आणली आणि खुंटीला टांगली? पत्ता दे मला त्या पोरीचा.”

“आजी, जाऊ दे ना.”

“जाऊ दे काय? माझ्या वेळी एवढं बोलायला कोणी आलं नाही. दे पत्ता.”

नातीने कप अर्धवट विसळून तसाच हातात धरला. कपाचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

“खरंच बोलशील त्या बाईंशी?”

“अख्ख्या गल्लीला माझी जीभ ठाऊक आहे. ती हो म्हणेपर्यंत उंबऱ्यावरून हलणार नाही.”

“शब्द?”

“तापल्या इस्त्रीवर हात ठेवून सांगू का?”

नातीने हात पुसले. काउंटरवरचं पावतीपुस्तक ओढलं, एक कोरी पावती फाडली, तिच्यावर काहीतरी खरडलं आणि पुढे केली. लिहायला तिला श्वासभरही वेळ लागला नाही.

मालकिणीने चष्मा लावला आणि पावती हातभर लांब धरली. आकडे तिला पाण्यासारखे यायचे. अक्षरं मात्र साठ वर्षांत सवय सुटून सुटी सुटी दिसायची, जोडता जोडता दमछाक व्हायची.

“यात पत्ता कुठाय? पत्त्याची जागा रिकामीच तर आहे.”

“पत्ता वर छापलेलाच आहे, आजी.”

माळ्यावर फळ्या करकरल्या. कोणीतरी मागचा जिना उतरता उतरता मधेच थांबलं होतं.

मालकिणीचं बोट लाँड्रीच्या छापील पत्त्यावरून खाली सरकत आलं. ‘गिऱ्हाइकाचं नाव’ याच्यापुढे नातीने दोनच अक्षरं लिहिली होती. ती तिला जोडावी लागली नाहीत. पाटीवर सगळ्यांत आधी तीच गिरवली होती.

आई.