विमलाबाईंची रेघ

तातेरावांनी रेघ ओढली, बघितली आणि पुसून टाकली. सकाळपासूनची ही कितवी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. टॅबचा पडदा पुन्हा पांढराशुभ्र झाला.

चित्र रविवारी द्यायचं होतं. जामबागेतल्या डिजिटल पेंटिंगच्या वर्गाचं ते शेवटचं काम. त्या दिवशी सगळ्यांची चित्रं हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर लागणार होती. विषय एकच: जगात कुठंच नसलेली जागा. वर्गातल्या पोरापोरींनी उडते किल्ले आणि आग ओकणारे साप केव्हाच रंगवून टाकले होते. साठी ओलांडलेल्या तातेरावांचं पान बारा दिवस कोरं होतं.

हात वाईट नव्हता. चौतीस वर्षं त्यांनी बसच्या पाट्या रंगवल्या होत्या. तेलुगू, उर्दू, इंग्रजी. अक्षर असं, की लांबून धावत येणाऱ्यालाही आपली बस कळावी. पण पाटीवर चूक चालत नसे. गावाचं नाव चुकलं, की माणूस भलत्याच गावी उतरायचा. ती शिस्त हातात इतकी मुरली होती, की आता नसलेलं गाव काढायचं म्हटलं तर हात हलेना. त्यात टॅबमध्ये शेवटची रेघ गायब करणारं बटण. रेघ पुरी व्हायच्या आधीच बोट तिकडं पोचलेलं असे.

"क्या अंकल, आज भी सफेद?" वर्ग घेणारी त्रिवेणी परवा हसून म्हणाली होती. त्यात टोमणा नव्हता, तरी त्यांना लागलं.

टॅब लेकीनं, शिवानीनं, घेऊन दिला होता. ती कुकटपल्लीहून रोज फोन करायची, "बाबा, झालं का?" आणि रोज ते म्हणायचे, "होतंय." आज मात्र ते खरं बोलले. "नाही जमत गं. संध्याकाळी जाऊन मॅडमला सांगतो, माझं नाव काढा म्हणून."

फोन ठेवला, टॅब स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडाच टाकला आणि ते अंघोळीला गेले.

परत आले, तर पानावर एक रेघ होती.

जाड, निळी. डाव्या कोपऱ्यातून उठून मधे चांगली फुगलेली आणि उजवीकडे जाऊन दोन फाटे फुटलेली. घरात विमलाबाईंशिवाय कुणी नव्हतं. त्या ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या राहून भाकरी थापत होत्या, जसं काही घडलंच नाही.

तातेरावांचं बोट सवयीनं बटणाकडं गेलं आणि तिथंच थांबलं. शाळेचं तोंड न बघितलेली ही बाई. एकेचाळीस वर्षांच्या संसारात कागद-पेनापासून चार हात लांब राहिलेली. आपली पाठ वळताच तिनं पेन उचललं होतं आणि एका दमात, कुठंही न अडखळता रेघ ओढली होती. आपली रेघ पुसणं वेगळं. हिची कशी पुसायची? विचारलं तर लाजेल आणि पुसा म्हणेल. ते खुर्ची ओढून बसले आणि रेघेकडं बघत राहिले.

बघता बघता तो फुगवटा पोट झाला आणि फाटे शेपटी झाले. आभाळभर पसरलेला एक मासा. तातेरावांनी त्याला डोळा दिला. त्याच्या पाठीवर घरं बसवली, घरांना शिड्या लावल्या, दोऱ्यांवर लुगडी वाळत घातली. कल्ल्याजवळ ढगांचं पाणी भरणाऱ्या बायका उभ्या केल्या. एक शिडी वाकडी झाली; राहू दिली, माणसं वाकड्या शिडीवरूनही चढतात. वेशीवर त्यांनी पाटी रंगवली. अक्षरं कुठल्याच लिपीतली नव्हती, पण वळण असं झोकदार, की वाचता येतील असं वाटावं. नसलेल्या गावाचं नाव चुकणार तरी कसं? तातेराव एकटेच खुदकन हसले.

विमलाबाईंनी दोनदा जेवायला बोलावलं. भाकरी गार झाली. संध्याकाळी जामबागेला जायचं त्यांच्या डोक्यातूनच गेलं.

रविवारी हॉल भरला होता. शिवानी आईला घेऊन पहिल्याच रांगेत बसली होती. मासा पडद्यावर आला आणि मागच्या बाकांवरून कुणीतरी शिट्टी मारली. त्रिवेणी चित्राकडं बघतच राहिली.

"अंकल, ये कहाँ से सूझा आपको?"

तातेराव उठले. "मॅडम, पैली लकीर मेरी नहीं. हमारे घरवाली की है. उनों डरे बिना खींच दिए. मैं तो खाली उसके पीछे-पीछे गया."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरं वळून वळून विमलाबाईंकडं बघायला लागली. तातेराव खाली बसले, तशी त्यांनी नवऱ्याची बाही ओढली.

"आवो, काय बोलताय ह्ये? म्या कवा काढली रेघ?"

"त्या दिवशी. मी अंघोळीला गेलो होतो तेव्हा."

"त्या दिवशी पीठ सांडलं व्हतं तुमच्या टॅबवर. म्या वल्या फडक्यानं पुसलं नुस्तं!"

शिवानीनं तोंडावर ओढणी दाबली. तातेरावांनी एकदा बायकोकडं बघितलं, एकदा पडद्यावरच्या त्या आभाळभर माशाकडं. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. अर्धवट उभं राहत ते पुटपुटले, "मग सांगायला पाहिजे सगळ्यांना..."

विमलाबाईंनी त्यांना बाही धरून खाली बसवलं.

"काय सांगता? फडक्याला काय मासा दिसला व्हता? टाळ्या तुमच्याच हायत. घ्या गुमान."