राखीव बाक

मामा इस्पितळात गेला आणि भाचरांबरोबरच्या ऑनलाइन क्रिकेट लीगमधला त्याचा संघ कॉम्प्युटर चालवू लागला. एका हुकमी खेळाडूच्या बदल्यात दोन टाकाऊ दिले की स्वारी खूश! आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय! धाकट्या भाच्यानेही असाच मामाचा विकेटकीपर पळवला. बाकीचे दहा मात्र त्याच्या ताईने आधीच उचलले होते. “मी एकच घेतला, तू अख्खा मामा लुटलास!” तो फोनवर तडकला. ताई नुसती हसली. मग सामने हरत हरत ती लीगमध्ये तळाला गेली. मामा घरी आला तेव्हा तिने लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला. तिच्या राखीव बाकावर त्याचे दहाही खेळाडू बसून होते. एकालाही तिने मैदानात उतरवलं नव्हतं. “घे परत.” “अगं वेडे, खेळवले असतेस तर जिंकली असतीस!” “ठेव कुणी वापरतं का, मामा?” शेजारी बसलेल्या धाकट्याने फोन काढून मामाचा विकेटकीपर परत पाठवला.