तळव्याखालचा आरसा

सासऱ्यांच्या तळव्याची जखम काही केल्या भरत नव्हती. या खेपेला भरली नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सून रोज जखम धुऊन पट्टी बदलायची आणि पायाखाली हातआरसा धरून त्यांना दाखवायची. साखरेच्या आजारानं तो पाय केव्हाचाच बधिर झाला होता.

"सुई खुपसलीस तरी कळायचं नाही बघ," म्हातारा हसायचा.

आज पट्टी सोडली, तर तळव्यावर कोवळी, कोरडी कातडी धरली होती. तिनं बोट फिरवून पाहिलं. "मामंजी, वाचला तुमचा पाय!"

"दाखव बरं."

तिनं आरसा धरला. आरशात जखम तशीच होती. ओली, लाल, काठाला काळी पडलेली. त्यांना दिसायच्या आत तिनं आरसा पालथा केला.

"मळलाय मेला. धुऊन आणते."

मोरीत बसून तिनं काचेला साबण लावला आणि घासणीनं खसाखसा चोळायला लागली.

बाहेरच्या खोलीत म्हातारा किंचाळला, "अगं सूनबाई, हळू! पाय सोड माझा!"