रतनबाईचा संशय

"तुमच्या बायकोला पॅरानोइया झालाय," डॉक्टर म्हणाले.

सावळारामनं मान हलवली. शब्द त्याला कळला नव्हता. "मराठीत काय म्हणत्यात त्याला?"

"नेमका शब्द नाही. संशयाचं वेड म्हणा."

सावळारामला आजवर दोन नावं ठाऊक होती. त्याची आई, गवराबाई, म्हणायची बाहेरचं लागलंय. तिनं चाकणच्या देवऋष्याकडून अंगारा आणून सुनेला लावला होता. निर्वासितांच्या कॅम्पातला सिंधी दुकानदार म्हणाला होता, "वहम है, निकल जाएगा." नावं बदलली, रतनचं म्हणणं तेच राहिलं. मी आले की समदी गप होत्यात. चाळीतल्या बाया माझ्याकडं बघून तोंडाला पदर लावत्यात. माहेरचं माणूस माझ्यापतोर येऊ देत न्हाईत. पुढं पुढं ती कुणाच्या हातचं खाईना. पोट पुढं आलं होतं आणि हातांच्या काड्या झाल्या होत्या.

सावळाराम नव्या कारखान्यात यंत्रापाशी दिवसभर उभा राही. तिथं त्याला बरं वाटे. खरं तर तिथं काहीच वाटत नसे.

"वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "आणि मूल झालं की लगेच तिच्यापासून वेगळं करायचं. अशा बाईचा भरवसा नसतो."

सावळारामनं पुन्हा मान हलवली.

"आता एक विचारायचं म्हणून विचारतो. घरात तिच्यापासून खरंच काही लपवलंय का?"

न्हाई, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पावसाळ्यापासून तो रतनला हेच सांगत आला होता. आज शब्द फुटेना. तो उठला आणि बाहेर गेला.

रतन व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून बाकावर बसली होती. तो तिच्यापुढं उकिडवा बसला.

"रतन, तुझा मुरारी गेला. इंद्रायणीच्या पुरात. तू पोटुशी, म्हणून आईनं समद्यांची तोंडं बंद केली. चाळीची, तुझ्या माहेरची. मीबी बोललो न्हाई."

मुरारी तिचा पाठचा भाऊ. आई गेल्यावर तिनंच त्याला कडेवर वाढवलं होतं. सावळाराम तिच्या हंबरड्याची वाट बघत राहिला. मागं दारात डॉक्टर येऊन उभे होते.

रतन बराच वेळ नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. मग तिचे खांदे सैल पडले. डोळे कोरडेच होते.

"म्हंजी," ती हळूच म्हणाली, "मी येडी न्हाई."